पेन्शन कुठल्या राज्याची?

आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की वाघमारेकाका त्याला नाव विचारत नाहीत. सामानाचा टेम्पो गेटात शिरतो न शिरतो तोच ते जिन्यात उभे. "राज्य कोणतं? वडील सरकारी नोकरीत? पेन्शन जुनी की नवी?" कपाट वळणावर अडकलेलं असतं, हमाल ओरडत असतात आणि काका वहीत टिपून घेत असतात.

मी सोसायटीची सेक्रेटरी. टाकीची सफाई, पार्किंग, किल्ल्या, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. कर्वेनगरात आयटीतली मुलं राहायला येऊ लागली तशी भाडेकरूंची यादी लांबली आणि काकांना अख्खा देश घरपोच मिळाला.

काका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. घरात ते आणि धाकटी बहीण मंगल, दोघंच. वहीत प्रत्येक राज्याला एक पान. राज्यांबद्दल ते नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलतात. "बंगाल जागचा हलला नाही, जुनीच धरून बसलाय. राजस्थान गेलं होतं नवीकडे, आलं परत. केरळ माणसाला लवकर घरी पाठवतं."

"आणि आपलं?" मी एकदा विचारलं.

"आपलं विचाराधीन असतं."

इंदूरच्या एका मुलाने सांगितलं, "अंकल, हम प्रायव्हेट में हैं. हमको पेन्शन होता ही नहीं." काकांनी वही मिटली. म्हणाले, "जेवलास का?" संध्याकाळी त्याच्याकडे पिठलं-भाकरी गेली.

प्रत्येक चौकशीचा शेवट ठरलेला. "ते झालं. आणि मागे कोण?" म्हणजे माणूस गेल्यावर पेन्शन कोणाला मिळते. बायकोला, मुलांना, एवढ्यावर काकांचं समाधान होत नाही. "आणखी कोणी?" मुलाचं घर बघायला आलेल्या एका ठणठणीत वडिलांना त्यांनी हा प्रश्न पेढा तोंडात असताना विचारला. त्या आठवड्यात माझ्याकडे तीन तक्रारी आल्या. कागद घेऊन मी वर गेले.

दार उघडं होतं. मंगलताई पाटावर बसल्या होत्या. वय साठीचं, समज पाच वर्षांच्या मुलीची. काका मागे बसून त्यांची वेणी घालत होते, दातांत रिबीन. स्टुलावर मोबाईल, स्पीकर चालू. पलीकडे तिसऱ्या मजल्यावरच्या बंगाली मुलाचे वडील, निवृत्त हेडमास्तर.

काकांनी रिबीन काढली. "पत्नी, बच्चे, वो सब समझा. और बहन को?"

"बहन? किसकी बहन?"

"मेरी."

"पर वाघमारेसाब, आप तो महाराष्ट्र के हैं."

"हैं ना. हमारे यहाँ से लिखके आया, बहन कुटुंब में नहीं बैठती. आपके यहाँ बैठती होगी, तो वो कागज जोडके मैं फिर से अर्ज करता."

"मालूम नहीं. पूछके बताऊँगा."

काकांनी वहीत पेन्सिलने लिहिलं: बंगाल, विचारून सांगतील. मंगलताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या.

"हलू नकोस गं, भांग वाकडा होईल," काका म्हणाले. मग मला, "बोला सेक्रेटरीबाई. काही तक्रार?"

मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. "तक्रार एवढीच, की भांग वाकडाच आहे."

"आई गेल्यापासून वाकडाच आहे," काका म्हणाले. "मंगल चालवून घेते."

परवा हिमाचलचा एक मुलगा फ्लॅट बघून गेला आणि करारासाठी माझ्यासमोर येऊन बसला. पार्किंग, पाण्याची वेळ, कचऱ्याची वेळ सगळं सांगून झालं.

"पिताजी क्या करते हैं?" मी विचारलं.

"रिटायर हो गए, आंटी. जंगल विभाग में थे."

"उनका नंबर लिखो," असं म्हणून मी अर्ज त्याच्यापुढे सरकवला. वडिलांच्या नंबरचा रकाना मी आदल्याच दिवशी आखून ठेवला होता.