भामाबाईंनी केलेला छळ

वडवणीला बचत गटांच्या प्रशिक्षणात सगळ्या बायकांना आपापला संघर्ष सापडला, वनिताला काही सापडेना.

पुण्याहून आलेल्या सरांनी सकाळीच बजावलं होतं, की माल कुणी विकत घेत नाही, लोक गोष्ट विकत घेतात. जिची गोष्ट काळजाला भिडेल, तिला बीडच्या प्रदर्शनात तालुक्याचा स्टॉल. वनिताला तो हवाच होता. लग्नातल्या आमटीला लागणारा तिचा येसर मसाला गावात घरोघरी जायचा, पण वेशीबाहेर त्याचं एक पाकीट गेलं नव्हतं.

तिने आठवून आठवून पाहिलं. नवरा पवन पतसंस्थेत नोकरीला. संध्याकाळी पाकिटांवर लेबलं तोच चिकटवायचा. मसाल्यात पडणारं धान्य भाजायचं काम सासूचं, भामाबाईंचं. चार वर्षांची मायाही आज त्यांच्याजवळच होती. पोरगी जेवली का, विहिरीकडे तर गेली नाही ना, हे विचारायला वनिताने सकाळपासून तीनदा फोन केला होता आणि तिन्ही वेळा भामाबाईंनी न चिडता उत्तर दिलं होतं. असल्या घरात संघर्ष आणायचा कुठून?

तिच्या आधी मंजुळाबाईंनी मेलेल्या म्हशीपासून सुरुवात केली, तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला. मग माईक वनिताच्या हातात आला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या सासूनं माझं मिक्सरचं भांडं विहिरीत टाकलं."

पुढचं आपोआप सुचत गेलं. गोठ्यात पाट्यावर वाटलेला मसाला, वर्षभर अबोला धरलेला नवरा. सभागृहात पदर डोळ्यांना लागले. स्टॉल मिळाला. कुणीतरी व्हिडिओही काढला.

वनिताची जीप गावात पोचायच्या आधी तो व्हिडिओ पोचला होता. पवनला कचेरीतल्या बायकांनी दुपारचा चहा दिला नव्हता. विहिरीवर दोन माणसं गळ टाकून भांडं शोधत होती. गळाला एक पितळी कळशी लागली आणि ती आपलीच म्हणून शेजारच्या छबुबाई घेऊनही गेल्या. शिरूर कासारहून वनिताचा भाऊ युवराज दोन वडीलधाऱ्यांना घेऊन जाब विचारायला आला होता. त्या तिघांना भामाबाई पोहे वाढत होत्या.

"आजी, तू भांडं कावून टाकलंस?" मायाने विचारलं.

वनिताने दारातच सगळं कबूल केलं. युवराजने कपाळाला हात लावला, पण पोहे संपवूनच उठला. भामाबाई मात्र रिकाम्या बशा उचलून आत गेल्या. परवा प्रदर्शन, उद्या वीस किलो धान्य भाजायचं, आणि ते चुलीवरून नेमकं कधी उतरवायचं ते त्यांच्या नाकालाच कळायचं. वनिता त्यांच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेली.

"आत्या, चुकलं माझं. रागावलात का?"

"रागावू न्हाई तर काय करू?" भामाबाई म्हणाल्या. "एवढी मोठी सभा, आन् मला नुसतं एक भांडं टाकायला लावलंस? मिक्सर टाकला म्हणायचा की आख्खा. लोकं म्हणतील, सासूत काई दम न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहाटेपासून धान्य भाजलं, आणि संध्याकाळी जाहीर केलं, की मी बी बीडला येणार.

स्टॉलवर त्या नवं लुगडं नेसून, कपाळाला आठ्या घालून बसल्या. व्हिडिओतली सासू बघायला बायकांची रीघ लागली. वनिताने मात्र मनाशी ठरवलं होतं, की इथे खरं तेच सांगायचं. पहिल्याच गिऱ्हाइकाला तिने सांगितलं, की ते सगळं खोटं होतं, सासूबाई फार चांगल्या आहेत, मसाला त्याच भाजतात, लेकीलाही त्याच सांभाळतात.

त्या बाईने भामाबाईंकडे चोरून पाहिलं, मग वनिताचा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाली, "त्या शेजारीच बसल्यात, तू तरी काय बोलणार पोरी? दोन पाकिटं दे."

भामाबाईंच्या कानाला अजून काही झालं नव्हतं.

"उभी काय राहिलीस बघत?" त्या वनितावर खेकसल्या. "घाल पिशवीत."

बाईने घाईघाईने तिसरं पाकीट उचललं.