मामाची जागा

एका जंगलात, मुलांनो, एक नियम होता. तो कोणी लिहून ठेवला नव्हता, म्हणूनच कोणाला मोडता येत नव्हता. नियम असा: 'आपल्याकडे नोकर नसतात, नातलग असतात.'

हा नियम अस्वलांच्या घरातला. केतकी अस्वल अगदी पिल्लू असल्यापासून तो ऐकत आली होती. एकदा तिने विचारलं होतं, "का नसतात?" तेव्हा गोदाआत्याने तिच्या तोंडात मधाचा बोळा कोंबला. तोंड भरलं की प्रश्न बाहेर येत नाही. अस्वलांच्या घरात सगळे प्रश्न असेच सुटत.

अस्वलांचा मधाचा धंदा होता. वडाच्या झाडाला पाटी ठोकलेली होती: 'अस्वल आणि मंडळी'. पूर्वी अस्वलं स्वतः झाडावर चढत, पोळी काढत, माश्यांचे डंख खात. मग धंदा वाढला. धंद्याबरोबर पोटं वाढली. पोटं वाढली तशी झाडं उंच वाटू लागली. शेवटी दुसऱ्या जनावरांना कामाला घेणं भाग पडलं.

आता कान देऊन ऐका हं. त्या जंगलात सिंहमहाराजांची दवंडी होती. जो कोणी दुसऱ्याला कामाला ठेवील, त्याने नेमणूकपत्र द्यावं. ठरल्या तारखेला पगार द्यावा. आठवड्याची सुट्टी द्यावी. म्हातारपणाच्या निधीत थोडं कामगाराचं आणि थोडं आपलं घालावं. राजाच्या दवाखान्याचं कार्ड काढून द्यावं. आणि हे सगळं कामाला लावतानाच करावं, कामगार पडल्यावर नव्हे.

दवंडी ऐकून आप्पा अस्वलांनी मान डोलावली. आप्पा म्हणजे केतकीचे वडील, घराचे कर्ते. ते म्हणाले, "फार चांगला कायदा. ज्यांच्याकडे नोकर आहेत, त्यांनी पाळलाच पाहिजे."

अस्वलांकडे नेमणूकपत्र नव्हतं, नारळ होता. नवं जनावर आलं की त्याला पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, हातात नारळ द्यायचा आणि नातं लावायचं. कोणतं नातं, ते गोदाआत्या ठरवी. रिकाम्या जागा तिला तोंडपाठ होत्या.

"सध्या आतेभाऊ हवाय," ती म्हणे. "चुलतवहिनी भरली. मावसभाऊ या महिनाअखेर सुटतोय."

अशा रीतीने साळिंदर आतेभाऊ झालं आणि पहारा करू लागलं. खार चुलतवहिनी झाली आणि भोपळ्यांत मध भरू लागली. कासव मावसभाऊ झालं आणि घरपोच सेवा बघू लागलं. गिऱ्हाइकं कुरकुरत, पण घरच्या माणसाला काढणार कसं?

एकच जागा कधी भरली गेली नाही. जावयाची. जावयाला काम सांगता येत नाही. उलट धोंड्याच्या महिन्यात त्यालाच वाण द्यावं लागतं. गोदाआत्या एवढी कच्ची नव्हती.

नातं लागलं की पुढचं सगळं सोपं होई. पगार नाही, हातखर्ची. ती आप्पांना आठवेल तेव्हा. जादा वेळेचे पैसे नाहीत, कारण घरच्या कार्यात कोणी तास मोजतं का? दिवाळीला बोनस नाही, पाठीवर हात आणि एक लाडू. आणि सुट्टी मागितली की आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी.

"घरातूनच सुट्टी? आम्ही इतके परके झालो का रे तुला?"

साळिंदर बिचारं ओशाळायचं आणि काटे मिटून पुन्हा पहाऱ्याला जायचं.

या सगळ्यांत जुना तानबा वानर. केतकीच्या आईला भाऊ नव्हता, म्हणून त्या घरात मामाची जागा रिकामी होती. ती तानबाला मिळाली. तो आप्पांना 'दाजी' म्हणे आणि कड्यावरची आग्या मोहोळं काढी. तिकडे जायची दुसऱ्या कोणाची छाती नव्हती.

गंमत अशी की बाकीच्यांची नाती आत्याने लावली होती. तानबाचं आणि केतकीचं मात्र आपोआप लागलं. त्याच्या खांद्यावर बसून ती शाळेत गेली. पुढे नदीपलीकडच्या कॉलेजचा विषय निघाला, तेव्हा आप्पा गुरगुरले, "अस्वलाच्या पोरीला वाणिज्य कशाला?"

तानबा म्हणाला, "शिकू द्या की दाजी भाचीला. हिशेब घरात राहील."

हिशेब घरात राहण्याची कल्पना आप्पांना फार आवडली. केतकी शिकून आली. हिशेब तिच्या हातात आला आणि तेव्हापासून आप्पांची झोप उडाली.

"आप्पा, मामाचं कार्ड काढा. निधी सुरू करा."

"मेहुण्याचा कसला निधी? त्याच्या म्हातारपणी आम्ही आहोत ना!"

"तुम्ही त्याच्यापेक्षा म्हातारे आहात, आप्पा."

यावर आप्पांना खोकल्याची उबळ येई.

एके दिवशी कड्यावरचा वेल तुटला. वेल विरला होता, नवा आणा, असं तानबा कधीचा सांगत होता. आप्पा म्हणत, "घरच्या घरात काय मागण्या करतोस? जपून चढ म्हणजे झालं." तानबा जपूनच चढला होता. वेल जपून तुटला नाही.

तानबा खाली आला, तेव्हा पोळं त्याने छातीशी धरलं होतं.

"पोळं शाबूत आहे हो!" आप्पा ओरडले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की तानबाची मांडी मोडली आहे.

गोदाआत्याने हळदीचा लेप लावला. घरच्या माणसाला घरचं औषध. लेपाखाली पाय भोपळ्याएवढा सुजला. तेव्हा केतकीने तानबाला पाठुंगळी घेतलं आणि तडक राजाचा दवाखाना गाठला.

खिडकीत टिटवी बसली होती. तिने पाय बघितला. "कामगार का?"

"मामा आहे," केतकी सवयीने बोलून गेली.

"मामांसाठी योजना नाही. कामगार असेल तर हाड बसवून मिळेल. बरा होईपर्यंत अर्धा पगारही मिळेल. कार्ड आहे?"

"नाही."

"मग मालकाने नोंदणी करायची. मागची भरपाई द्यावी लागेल, वर दंड. पण उपचार लगेच सुरू होतील." टिटवीने आवाज खाली आणला. "उद्या करकोचेसाहेब तुमच्याकडे तपासणीला येणार आहेत. त्यांच्यासमोर मालकाने कबूल केलं की काम झालं. मात्र उशीर करू नका. हाड वाकडं जुळलं, की हे वानर पुन्हा झाडावर चढायचं नाही."

"आणि रोखीने केलं तर?"

टिटवीने आकडा सांगितला. केतकीने घरी येऊन तो आप्पांना सांगितला. आप्पा थोडा वेळ विचार करून म्हणाले, "एवढ्यात नवा मेहुणा येईल."

"आप्पा!"

"ओरडू नकोस. एकाची नोंदणी केली की सगळ्यांची करावी लागते. मग साळिंदराला सुट्टी, खारीला निधी, कासवाला जादा वेळेचे पैसे! कासवाला, केतके! त्याचा सगळा वेळच जादा असतो! हे घर आहे की कारखाना?"

"कारखाना आहे. बाहेर पाटी आहे."

"पाटीवर 'मंडळी' लिहिलंय."

गोदाआत्या पदर सावरत पुढे आली. "चार बुकं शिकलीस म्हणून आमची नाती मोडायला निघालीस? मोठ्यांनी काही विचार करूनच हे चालू केलं असेल ना?"

"केला असेल ना," केतकी म्हणाली. "तोच तर मला कळला."

खाटेवरून तानबा कण्हत म्हणाला, "राहू दे गं पोरी. दाजींना वाईट वाटेल."

मुलांनो, ही जी नाती असतात ना, ती अशी पक्की बसतात. मांडी मोडते, नातं मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी करकोचेसाहेब आले. ते अंगणात एका पायावर उभे राहिले. सरकारी तपासणीला दुसरा पाय सहसा लागत नाही. सगळी वडीलधारी अस्वलं ओळीने बसली होती. समोर नातलगांची रांग होती आणि रांगेच्या टोकाला खाटेवर तानबा. गोदाआत्याने सकाळीच सगळ्यांची उजळणी घेतली होती.

"तू कोण?"

"आतेभाऊ," साळिंदर म्हणालं.

"आपण?"

"चुलतवहिनी," खार लाजून म्हणाली.

"तू रे?"

"मी मावसभाऊ," कासव म्हणालं. मग त्याला वाटलं, साहेबांना नीट सांगावं. "म्हणजे पहिला मावसभाऊ सोडून गेला. मी त्याच्या बदलीवर आहे."

आत्याने कपाळावर हात मारला. साहेब मात्र तंद्रीत होते. त्यांना दुपारच्या आत तळ्यावर जायचं होतं.

"ठीक आहे. नातलगांना कायदा लागू नाही. यांची वंशावळ द्या आणि खाली घरातल्या शिकलेल्या जनावराची सही घ्या. मी निघतो."

आप्पांनी वंशावळ तयारच ठेवली होती. त्यांनी ती केतकीपुढे सरकवली. "कर सही. बोलू नकोस."

केतकीने वंशावळ वाचली. सबंध वाचली. कॉलेजात गेल्यावर ही एक खोड लागते. मग तिने भोळा चेहरा करून विचारलं, "साहेब, यात नाव आलं, की मधाच्या झाडांच्या उताऱ्यावरही नाव लागतं ना? वारस म्हणून?"

"लागतंच," साहेब म्हणाले. "वंशावळ असते कशासाठी?"

अंगणात चुळबुळ झाली. साळिंदराचे काटे एकेक करून उभे राहिले.

"म्हणजे चुलतवहिनीलासुद्धा?" खारीने हळूच विचारलं.

"मला तो नदीकाठचा जांभूळ चालेल," कासव आयुष्यात पहिल्यांदाच चटकन बोललं.

"अहो, तसं नव्हे!" आप्पा उठायला गेले आणि पोटामुळे परत बसले. "नातलग म्हणजे काही वाटणीतले नव्हेत! कामापुरते नातलग!"

करकोचेसाहेबांनी दुसरा पाय खाली ठेवला.

"कामापुरते?"

गोदाआत्या मदतीला धावली. "बाकीच्यांचं सोडा हो साहेब. त्या तानबाचं तर खरं आहे ना? तो हिचा मामाच. त्याच्या खांद्यावर वाढली ही. हिलाच विचारा!"

"बरोबर!" आप्पांना धीर आला. "सांग, केतके. साहेबांना खरं सांग. तानबा तुझा कोण?"

केतकीने खाटेकडे पाहिलं. तानबाचा पाय एका बाजूला कलला होता. तानबा तिच्याकडे बघून हसत होता, शाळेच्या दारात सोडताना हसायचा तसा. 'मामा' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. सबंध घरात तो एकच शब्द खरा होता. आणि तो उच्चारला, की तानबाचं झाड कायमचं सुटणार होतं.

तिने तो शब्द गिळला. मधापेक्षा जड गेला.

"तानबा माझा मामा नाही," ती म्हणाली. "तो आमच्याकडे कामाला आहे. कामावर असताना पडला. साहेब, नोंदणीचा कागद काढा, त्यावर मी सही करते. या वंशावळीवर करणार नाही. आज नाही आणि कधीच नाही."

"केतके!" आप्पा गरजले. "मोठ्यांच्या शब्दाला काही किंमत?"

"आहे ना. भरपाईत धरलीय."

तानबाचं हसू थांबलं होतं. त्याने भाचीकडे पाहिलं, मग तिच्यापुढच्या वंशावळीकडे. मग त्याला समजलं. तो हाताच्या आधाराने उठून बसला, त्याने आप्पांकडे मान वळवली, आणि इतक्या वर्षांत कधी घेतलं नव्हतं ते नाव घेतलं.

"मालक," तो म्हणाला, "पाय फार दुखतोय."

आप्पांनी वंशावळ मागे ओढून घेतली आणि साहेबांनी नोंदणीचा कागद पुढे केला. बाकीची वडीलधारी अस्वलं जमिनीवरच्या मुंग्या बघू लागली. गोदाआत्याने सवयीप्रमाणे मधाचा बोळा उचलला आणि ती केतकीकडे निघाली. केतकी तिच्याकडे बघत उभी राहिली. बोळ्यातून मध गळत होता आणि आत्याला तो ठेवायला जागा सापडेना.

शेवटी तिने तो स्वतःच्याच तोंडात घातला.

तात्पर्य: मुलांनो, तुम्ही मोठे झालात आणि एखादा मालक तुम्हाला म्हणाला, "तू काही परका नाहीस, तू आमच्या घरचाच," तर त्याच्या शब्दाचा मान राखावा. वाकून नमस्कार करावा आणि वाटणी मागावी. नेमणूकपत्र लगेच मिळतं.