आमच्या बॅप्टिस्ट चर्चची नवी इमारत आणि मागची काचेची खोली

धर्म टिकतो तो श्रद्धेवर, आणि श्रद्धा टिकते ती नीट ऐकू न आल्यावर.

आमच्या मंडळीचं जुनं चर्च याच तत्त्वावर उभं होतं. पत्र्याचं छत असं घुमायचं, की उपदेश करणाऱ्या पाळकांचा एक शब्द भिंतीवर आपटून परत येईपर्यंत पुढचे चार निघालेले असत. कोणाला काही कळत नसे, आणि मंडळीत एकही मतभेद नव्हता.

मग आधुनिक इमारत बांधायचं ठरलं. वास्तुविशारदाने छताला प्रार्थनेत जोडलेल्या हातांचा आकार दिला. (माझ्या सासऱ्यांच्या मते ती अर्धवट मिटलेली छत्री आहे. समितीने दोन्ही मतं नोंदवून घेतली.) काँक्रीटला रंग नाही, कारण प्रामाणिकपणा. व्यासपीठाखाली बाप्तिस्म्याचं कुंड. आम्ही तान्ह्या बाळांवर पाणी शिंपडत नाही. जाणत्या माणसाला अख्खा बुडवून वर काढतो. म्हणून कुंड माणूस बुडेल इतकं खोल आणि बुडालेला राहणार नाही इतकं उथळ आहे. एरवी त्यावर फळ्या असतात. (फळ्यांना कडी आहे का, असं मी विचारलं. आहे. ती लागते का, हेही विचारलं. तेव्हापासून सुतार माझ्याशी बोलत नाही.)

इमारतीचं खरं वैभव म्हणजे आवाज. व्यासपीठावरची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत पोचते. उलटही पोचते, हे उद्घाटनाच्या दिवशी माझ्या मुलाच्या उचकीने सिद्ध केलं.

त्यावर उपाय म्हणून मागे काचेची खोली आली : माता-बालक कक्ष. आतलं बाहेर ऐकू जात नाही. बाहेरचं आत स्पीकरवरून येतं, आणि स्पीकरला बटण आहे.

पहिल्या रविवारी आत चार आया होत्या. दुसऱ्या रविवारी त्यांचे नवरेही, कारण मूल ही बापाचीही जबाबदारी असते (हे त्यांना त्याच आठवड्यात पटलं). मग आजोबा आले. मग बिनमुलांचे लोक दारात येऊन म्हणू लागले, "वहिनी, बाळ जरा देता का? उपदेशापुरतं." समितीने ज्याचं त्याने बाळ आणणं सक्तीचं केलं, तेव्हा खजिनदारकाका स्वतःचं बाळ घेऊन आले. बाळ बँकेत शाखाधिकारी आहे. खोली दोनदा वाढवावी लागली. मुख्य दालन तेवढंच आटलं. वास्तुविशारदाला लवचीक रचनेबद्दल मानचिन्ह मिळालं.

याच सुमारास माझ्या नवऱ्याचा बाप्तिस्मा ठरला. बुडण्याआधी साक्ष द्यायची असते, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते चारचौघांत सांगायचं. तो रोज दाढी करताना पाठ करत होता. त्यात माझ्याबद्दल काहीतरी आहे, एवढंच कळलं होतं. काय, ते सांगेना. मला ते समोर बसून ऐकायचं होतं.

"पोर घेऊन समोर कुठे बसतेस?" सासूबाई म्हणाल्या. "तू आपली काचेत बस."

"आई, तिथे स्पीकर बंदच असतो. काही ऐकू येत नाही."

"यांनी लग्नात काय शपथ घेतली, ती मला अजून ऐकू आलेली नाही. अडलं का काही?"

रविवारी मुलाला कडेवर घेऊन मी काचेच्या खोलीशी गेले, तर दारावरच्या काकांनी अडवलं. "जागा नाही, ताई."

"अहो, माझ्याकडे बाळ आहे."

"बाळं सगळ्यांकडेच आहेत. तुम्ही आपलं बाहेर बसा, तिकडे वाटेल तेवढी जागा."

दालनात पाळक, मी आणि मुलगा. नवरा पांढऱ्या झग्यात कुंडात उतरला. पाणी गार होतं (हीटर समितीच्या विचाराधीन आहे). त्याने तोंड उघडलं. दात वाजले. बराच वेळ तेवढेच वाजत राहिले.

"विसरलो," तो म्हणाला.

देवाला सगळं ठाऊक आहे, असं सांगून पाळकांनी त्याला बुडवलं. तो वर येईपर्यंत मीही श्वास धरून होते. वर येताच माझ्याकडे बघून पुटपुटला, "घरी सांगतो." स्वच्छ ऐकू आलं. काचेमागे सगळी मंडळी उभी राहून बिनआवाजी टाळ्या वाजवत होती.

नंतर चहाच्या वेळी खजिनदारकाकांनी त्याचा हात सोडला नाही. "काय साक्ष दिलीस रे. डोळ्यांत पाणी आलं."

"बायकोबद्दल जरा जास्तच बोललास," सासूबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्याने सांगितलं. ते इमारतीच्या इतिहासात बसत नाही.

हा इतिहास मंडळीच्या पुस्तिकेसाठी लिहिला आहे. मी तो अजून कोणालाही दाखवलेला नाही, तरी पन्नासेक जणांनी फार आवडल्याचं कळवलं आहे, विशेषतः शेवट. त्यांची नावं छापायची आहेत, आणि त्यांत आपलंही धरलं आहे. आपण खरोखरच इथपर्यंत वाचलं असेल, तर कळवा. खोडून टाकते.