उशिराचं पेटंट

सखाराम मिस्त्री स्वतःच्याच कुलूपबंद घराची कडी वाजवायचे. घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको, कौसाबाई, जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. मिस्त्री कडी वाजवत, मान तिरकी करून थांबत. थोड्या वेळाने आतून बांगड्या किणकिणत. मग "आलो, आलो" म्हणत ते खिशातून किल्ली काढत.

हे हिंगोलीजवळच्या आमच्या साऱ्या गोरेगावाला ठाऊक होतं. कारण मात्र मला एकटीलाच. जीप स्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान. कोणत्या अर्जाला कोणते कागद लागतात, याचे तक्ते मी भिंतीवर चिकटवून ठेवलेले. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बांधून देणारे मिस्त्री एका दुपारी आले आणि आधी दार लोटून घेतलं.

"बाई, पेटंट काढायचंय. हे खेळणं न्हाई, शास्तर हाय."

सगळंच शास्तर असायचं त्यांचं. चहा बशीत कोणत्या बाजूने ओतायचा, तेसुद्धा.

पेटंटचा तक्ता माझ्याकडे नव्हता. हिंगोलीला जाऊन एका वकिलाकडून माहिती आणली आणि नवा तक्ता केला. मुंबईच्या कचेरीत अर्ज करायचा, सोबत यंत्राचं पूर्ण वर्णन, आकृत्या, आणि त्यात नवं नेमकं काय याचा दावा. शिवाय अर्ज जाईपर्यंत यंत्र कुणाला दाखवायचं नाही, सांगायचं नाही. नाहीतर नवेपण जातं.

हे शेवटचं मिस्त्रींनी फार मनावर घेतलं. कुणी बांगड्यांचं विचारलं की तोंड शिवल्यासारखे गप्प. मग गल्लीने आपापला अर्थ लावला. दूधवाला भांडं ओट्यावर ठेवून पळू लागला. दारात लिंबं पडू लागली, त्यांचं मिस्त्री सरबत करून पीत. शेजारच्या गयाबाई रोज संध्याकाळी कडी हलवून भीतभीत विचारत, "कौसा, बरी हायस का गं?"

आणि जरा थांबून बांगड्या वाजत.

निदान गयाबाईंना तरी खरं सांगा, असं मी म्हटलं. नवेपण जाईल, म्हणाले.

आकृत्या काढायला मी त्यांच्या घरी गेले. कडीला बांधलेली दोरी भिंतीच्या कडेने स्वयंपाकघरात गेलेली. ती ओढली की माठाची तोटी उघडे, पाणी एका पळीत पडे. पळी भरून कलंडली की काठीत ओवलेल्या बांगड्या हलत. हिरव्या, कौसाबाईंच्याच.

"यात नवं काय लिहू? घंटा तर कुठंही वाजते."

"घंटा लगेच वाजते, बाई. मानूस लगेच येत न्हाई. पिठाचे हात पुसून यायला येळ लागतो. तेवढा उशीर माझा हाय."

मी दाव्यात उशीर लिहिला. उपयोग काय, तर चोरांना फसवणे; हे त्यांनीच सांगितलं. माप घ्यायला पळी सोबत आणली.

अर्ज टाइप झाला. पाकीट चिकटवण्याआधी सवयीने मी तक्ता शेवटपर्यंत वाचून दाखवला. पुढे ही माहिती कचेरी छापून प्रसिद्ध करते, कुणालाही वाचता येते.

"काहून छापतेत?"

तसा नियमच आहे, असं मी सांगितलं.

त्यांनी डिंकाची बाटली बाजूला सरकवली. "मंग गयाबाईला कळंल, आत कोनी न्हाई म्हून."

बरंच झालं की, मी म्हटलं, लोकांची भीती जाईल.

"भीती जाईल. पर मंग तिला हाक कोन मारंल, बाई?"

पाकीट माझ्याकडेच राहिलं. पळी परत द्यायला मी त्यांच्यासोबत घरापर्यंत गेले. दारात त्यांनी सवयीने कडी वाजवली, मान तिरकी केली. पळी माझ्या पिशवीत आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

नेहमीइतकाच वेळ गेला.

"आलो, आलो," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी किल्ली काढली.

आत काहीच वाजलं नव्हतं. निदान मला तरी ऐकू आलं नाही.