दम्याने घेतलेली परीक्षा

मिरजेच्या त्या केंद्रात मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनची तोंडी परीक्षा आजार स्वतः येऊन घेत. यात नवल ते काय! डॉक्टरने सांगितलेलं ऐकून रुग्णाचा अहवाल टाइप करायचा, हा सगळा धंदा. मग ज्याच्याबद्दल लिहायचं त्यानेच समोर बसून मजकूर सांगितला, तर परीक्षा चोख होणारच. आजारांना रीतसर बोलावणं जाई, आणि आजार जितका वेळ ड्यूटीवर, तितका वेळ त्याचा रुग्ण ठणठणीत. त्या दिवशी गुडघेदुखीवाले देवळाच्या पायऱ्या चढून घेत, मूळव्याधवाले मिसळ हाणून घेत. कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

परीक्षेच्या दिवशी रेवती तांबट उठली, तेव्हा तिची आई आडवी झोपली होती. दम्यामुळे आई कधीच आडवी झोपत नसे. भिंतीला उशा लावून बसल्या बसल्याच रात्र काढायची. रेवतीने तिच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास चालू होता, अगदी बिनआवाजी.

"मेले नाही गं," आई डोळे न उघडताच म्हणाली. "दमा ड्यूटीला गेलाय. झोपू दे मला जरा."

नात्यातल्या माणसाचा आजार परीक्षक नको, असा नियम नव्हता. उमेदवाराचा स्वतःचा मात्र चालत नसे, कारण मग त्याला बरं वाटून तो फुकटचा हुशार होतो.

रेवतीला पास व्हायचंच होतं. भावजींच्या झेरॉक्सच्या दुकानात लग्नपत्रिका टाइप करून तिला वीट आला होता. सांगलीच्या एका दवाखान्याने जागा धरून ठेवली होती, पण निकाल आजच्या आज दाखवायचा, या अटीवर.

केंद्र एका औषधाच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. लेखी पेपर तिने सहज सोडवला. कुठल्या अवयवाची सूज, कुठल्या हाडाचं काय नाव, सगळं तोंडपाठ होतं. मग केंद्रप्रमुख मुजावर सर तिला तोंडीसाठी आत घेऊन गेले. एका टेबलाशी मूतखडा कुणा उमेदवारावर खेकसत होता. मधुमेह बिस्किटांची बशी आपल्याकडे ओढत होता. खिडकीजवळ गळ्याला मफलर गुंडाळलेला एक किडकिडीत गृहस्थ बसला होता. त्याच्या छातीतली शिट्टी ऐकली आणि रेवतीने ओळखलं. लहानपणापासून ती त्याच आवाजात झोपत आली होती.

"बसा," दमा म्हणाला. "घरचे... बरे आहेत ना?"

"आज आहेत," रेवती म्हणाली आणि तिने कानाला हेडफोन लावले.

दमा सांगू लागला. रुग्ण स्त्री, विधवा. धुराने आणि गार वाऱ्याने त्रास वाढतो. दोन्ही फुप्फुसांत घरघर. रेवतीची बोटं झरझर चालत होती. "रुग्णाला हसलं की... ढास लागते," दमा म्हणाला. "त्यामुळे रुग्ण... हसणं टाळते."

रेवतीची बोटं थांबली. आई मुळातच तुसडी आहे, असं ती जन्मभर समजत आली होती. मैत्रिणींनाही तिने तेच सांगितलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की कीबोर्ड दिसेनासा झाला. डोळे पुसून तिने वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

"शेवटचं वाक्य," दमा म्हणाला. "हा त्रास रुग्णाला यापुढे..." आणि त्याला ढास लागली. पुढचा शब्द शिट्टीतच विरला.

"पुन्हा सांगता?"

त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा तिथेच दम संपला. तो तरी काय करणार बिचारा, होता दमाच.

या धंद्यात एक रीत आहे. ऐकू आलं नाही ते लिहायचं नाही. रिकामी जागा सोडायची आणि अहवाल सांगणाऱ्याकडे परत पाठवायचा. क्लासात पहिल्याच दिवशी हे शिकवतात. परीक्षेत मात्र सगळे बिनदिक्कत अंदाज ठोकतात.

मुजावर सर मागे येऊन उभे राहिले. "'आयुष्यभर राहील' असं लिहून टाका की ओ ताई. दम्याचं दुसरं काय असतंय?"

"ते तसं म्हणाले का?"

"म्हणतीलच की! जागा रिकामी ठेवली तर निकाल राखून ठेवावा लागतोय. नोकरी जाईल हातची. आणि वाक्य पुरं होईस्तोवर ह्यांनाही केंद्र सोडता येत नाही, तसा नियम आहे."

"लिहा हो," दमा काकुळतीला आला. "मलाही... घरी जायचंय. सवय झालीय... त्यांची."

रेवतीने 'आ' टाइप केला. सांगलीची नोकरी तिच्या डोळ्यांपुढून गेली. तिने 'आ' पुसला, हेडफोन कानांवर घट्ट दाबले आणि म्हणाली, "आणखी एकदा सांगा. मी जीव लावून ऐकते." तिने खरंच जीव लावून ऐकलं. त्यात लबाडी तसूभरही नव्हती. देवाशपथ, शब्द ऐकू आला नाही.

"रिकामी," ती म्हणाली आणि तिने पेपर दिला.

बाकीचे आजार आपापल्या घरी गेले. दमा बाकावर बसून घोटाघोटाने गरम पाणी पीत वाक्याची तयारी करत राहिला. संध्याकाळी जिन्यात चपला वाजल्या आणि दारात आई उभी राहिली. "किती गं उशीर? म्हटलं, बघून तरी यावं."

मुजावर सरांनी तिला सगळं रीतसर समजावून सांगितलं. दमा अदबीने उठून उभा राहिला.

"म्हणजे ह्यांचं वाक्य होईपर्यंत हे इथंच?" आईने विचारलं.

"इथंच."

"आणि नोकरी?"

"गेली," रेवती म्हणाली.

"दुसरी बघू." आईने दम्याकडे नीट पाहून घेतलं. मग पाहुण्याला म्हणावं तशी म्हणाली, "बसा, बसा. सावकाश सांगा. घाई नाही."

मायलेकी खाली उतरल्या. आई बाजारातून इतकी भराभर चालू लागली, की तिला गाठता गाठता रेवतीलाच धाप लागली.