डावीकडची बाई आणि ओतियाची कंबर

गाडी निवडावी तर मी! उगाच बढाई नाही मारत. बढाई मारायचीच असती तर आमच्या कोठीतली डुकराची मांडी चोरायला आलेल्या अस्वलाची गोष्ट सांगितली असती. अर्धीच खाऊन अर्धी परत टांगून गेलं होतं बिचारं! पण ते असो. आमच्या राचाच्या डोंगरात लोक म्हणतात, झुझुना आजीच्या तोंडून निघालेला उंदीर कुंपणापर्यंत जाईस्तोवर बैल होतो. म्हणू देत. बेचाळीस वर्षं माझ्या नवऱ्याने, ओतियाने, माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवलेला नाही. तरी संसार झालाच की!

तर गाडी. गाडी का लागली? ओतियाच्या कमरेमुळे. तीस वर्षं त्याने लाकडाचा ट्रक चालवला. घाटातला एकेक खड्डा त्याच्या मणक्यात जाऊन बसलाय. आता पाऊस यायचा असला की कंबर आधी सांगते आणि आकाश मागाहून.

नऊ वर्षांपूर्वी आमची एतेरी ग्रीसला गेली, थेसालोनिकीत एका म्हातारीला सांभाळायला. त्या सकाळी ओतियाची कंबर अशी धरली होती की हा कुशीवरही वळेना. मिनीबस दारात आली. पोरीने खोलीत येऊन बापाच्या कपाळाचा मुका घेतला आणि गेली. याला काय मिळालं? नुसता गाडीचा आवाज! वळणापर्यंत ऐकला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर नऊ वर्षं दारावरून मिनीबस गेली की हा जेवता जेवता थांबायचा. घास हातात. आवाज वळणापलीकडे गेला की मगच खायचा.

आणि यंदा एतेरीचा फोन आला. "आई, इथे राहायचे कागद अखेर नीट झाले, आता येता-जाता येईल. द्राक्षं तोडायच्या वेळेला येते. दहा दिवस."

ओतिया उठून उभा राहिला, एका झटक्यात! मग अर्थातच ओरडला. पण उभ्या उभ्याच शपथ घेतली. "माझ्या पोरीला विमानतळावरून मी आणणार. माझ्या गाडीतून. मिनीबस नाही!"

"कुठल्या गाडीतून? आपल्या जुन्या डब्यात तू दहा मिनिटं बसतोस आणि मग चौघं मिळून तुला काढतात."

"मग नवीन घेऊ. कमरेला सोसेल अशी."

अंब्रोलाउरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, सीट फार मऊ नको, फार कडक नको. कमरेच्या खोबणीत टेकू हवा. वाकून आत शिरायला नको, चढायलाही नको. अंगणातल्या खुर्चीवर बसतो तसं बसता आलं पाहिजे. मी म्हटलं, "डॉक्टर, अशी तर मला सूनही मिळाली नसती!"

शेजारच्या बोंदोने आम्हाला त्याच्या टेम्पोतून रुस्तावीच्या गाडीबाजारात नेलं. ओतियाला मागे राजम्याच्या पोत्यांवर आडवा घातला. पाच तास तो पोत्यांवरून सूचना देत होता.

बाजार केवढा? आमचं अख्खं खोरं गाड्यांनी भरा, वर दोन डोंगर ठेवा, तेवढा! (हे खरं आहे.) लोक तिथे येतात, टायरला लाथ मारतात, भाव करतात आणि जातात. आम्ही राचाची माणसं. आमच्याबद्दल सगळा देश विनोद सांगतो की राचावाल्याला विंचू चावला तर तो पुढच्या आठवड्यात ओरडतो. ओतियाने विक्रेत्याला शांतपणे सांगितलं, "आमच्या गावापासून विमानतळ तीन तास. म्हणजे मी या सीटवर तीन तास बसणार. कंबर काही बोलली नाही तर गाडी घेणार."

विक्रेत्याचं नाव मालखाज. मिशीला पीळ, बोटात तीन अंगठ्या. तो म्हणाला, "काका, गाडी चालवून बघा ना!"

"इंजिनाला कंबर नसते. मला बसू दे."

बसला! चंदेरी रंगाची गाडी होती. मी त्याच्या मांडीवर लोबियानी ठेवली. आम्ही राजमा भरून भाकरी करतो ना, तीच. खाता खाता त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला की मला लग्नातला ओतिया आठवला. एक तास गेला, कंबर गप्प. दुसरा तास गेला, कंबर गप्प! तेवढ्यात एक गृहस्थ खिडकीशी आले. "काका, कशी आहे हो गाडी?"

आता ओतियाला खोटं येत नाही. ते खातं माझ्याकडे. तो म्हणाला, "गाडी? अरे, आईची मांडी आहे ही! बारा वर्षांत मी इतका वेळ बसलो नाही. ये, हात घाल इथे. बघ टेकू! तुझं काय दुखतं? मान? मानेलाही आहे!"

गृहस्थ गेले. पाच मिनिटांनी मालखाज आला. "काका, उतरा. गाडी विकली."

"विकली? कुणाला?"

"ज्याला तुम्ही विकलीत त्याला!"

असं तीनदा झालं हो! दुसऱ्या गाडीत मी बजावलं, "ओतिया, कुणी विचारलं तर तोंड वाकडं कर. कण्ह!" त्याने कण्हायचा प्रयत्न केला. एका बाईने विचारलं, "फार दुखतंय का काका?" तर हा म्हणतो, "छे हो, या सीटवर काहीच दुखत नाही, म्हणून तर कण्हणं जमत नाहीये!" तिच्या नवऱ्याने तिथेच किल्ली घेतली. तिसऱ्या गाडीच्या वेळी तर खिडकीबाहेर रांग लागली. मालखाज माझ्या कानात म्हणाला, "आजी, काकांना पगारावर ठेवता येईल का?"

संध्याकाळ झाली. बोंदो भोंगा वाजवायला लागला. सीट चांगली अशी एकच गाडी उरली. निळी, रुंद, बसायला राजाचं सिंहासन! ओतियाने तिची स्तुती करून घसा बसवला तरी कुणी घेईना. कारण तिचं चालवायचं चाक होतं उजवीकडे.

आमच्याकडे सगळे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात, म्हणून चालवायचं चाक डावीकडे हवं. ही आली होती जपानहून. हिच्यात चालवणारा बसणार पार ओढ्याच्या कडेला! पुढे ट्रक असला तर त्याला ट्रकचं ढुंगण तेवढं दिसणार. समोरून कोण येतंय ते दिसणार डावीकडे बसलेल्याला. तो सांगणार "घे पुढे", की मग हा घेणार. अशा गाड्या आमच्याकडे पुष्कळ फिरतात. बायको डावीकडे बसते आणि नवऱ्याचे डोळे होते.

मी म्हटलं, "हीच घ्यायची! एक, कंबर गप्प आहे. दोन, ही कुणी पळवणार नाही. आणि डोळे म्हणून मी आहेच की!"

ओतियाने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. राचावाला आहे, त्याला वेळ लागतो. मग म्हणाला, "म्हणजे माझा जीव तुझ्या जिभेवर?"

घेतली तरीपण.

पोरीच्या येण्याच्या दिवशी पहाटेच निघालो. मी नवीन ओढणी डोक्याला बांधली होती. मन असं उडत होतं! आणि मन उडालं की माझी जीभ वळवळते. पहिल्याच वळणावर मी ओरडले, "ओतिया, अस्वल! टोपी घातलेलं!"

कच्चकन ब्रेक! समोर काही नाही. मी हसून हसून डोळे पुसले. ओतिया हसला नाही. "झुझुना, आता तुझं मी काही ऐकणार नाही," एवढंच म्हणाला.

तिथेच माझं नशीब फुटलं. कारण पुढच्या वळणावर भेटला गवताचा ट्रक. घराएवढं गवत! बैलाच्या चालीने चाललेला!

"मोकळा आहे, घे पुढे!"

"हं."

"अरे, तळहातासारखा मोकळा आहे! मुंगीसुद्धा नाही!"

"मुंगीने टोपी घातलीय का?"

शपथ घेतली, संत जॉर्जची, माझ्या आईची, शेवटी डुकराच्या मांडीची. हा हलेना. सीटवर मांडी ठोकल्यासारखा सुखात बसलेला, कंबर गप्प, आणि आम्ही गवताच्या मागे मागे. गाई आम्हाला ओलांडून गेल्या हो!

फोन वाजला. एतेरी. "आई, उतरले मी. कुठे आहात?"

आता पोरीला काळजी नको म्हणून मी म्हणाले, "हे काय, पोचलोच! विमानतळाचं फाटक दिसतंय!" तेवढ्यात माझ्या फोनने मान टाकली. रात्री चार्ज करायचा राहिला होता.

पुढे दीड तास गवत हुंगलं. आणि एका पुलाजवळ समोरून पांढरी मिनीबस आली. माझ्या बाजूने, अगदी हाताच्या अंतरावरून! खिडकीत डोकं टेकून झोपलेली एक बाई. कानामागे पांढऱ्या बटा. आणि हनुवटी ओतियाची!

"एतेरी! ओतिया, एतेरी गेली! त्या मिनीबसमध्ये! वळव गाडी!"

"हो. आणि चालवत कोण होतं? अस्वल?"

"अरे, देवाशप्पथ एतेरी होती!"

"झुझुना," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "आजच्या दिवशी तिच्या नावाने थट्टा करू नकोस."

विमानतळ रिकामा होता. एक बाई फरशी पुसत होती. "ग्रीसचं विमान? ते लोक केव्हाच गेले. एक जण उभी होती बराच वेळ. मग हसली आणि म्हणाली, 'आई पोचलोच म्हणाली, म्हणजे अजून घाटातच असणार.' गेली मिनीबसने."

ओतिया गाडीत येऊन बसला. किल्ली फिरवली नाही.

"पांढरी होती का मिनीबस?"

"पांढरी."

"आणि ती?"

"झोपली होती. काचेला डोकं टेकून. केस पिकलेत रे, थोडे."

त्याने किल्ली फिरवली. "पुन्हा मिनीबसच," म्हणाला.

घरी पोचलो तर पोरगी पायरीवर बसलेली. उठली. आणि उठता उठता तिने एक हात कमरेवर ठेवला, अगदी ओतिया ठेवतो तस्सा! नऊ वर्षं एका जाडजूड म्हातारीला पलंगावरून उचलायचं आणि पलंगावर ठेवायचं. फोनवर कधी बोलली नाही. बापाने तिच्याकडे बघितलं. मिठी मारताना दोघंही एकदमच कण्हली!

मग ओतियाने गाडीचं उजवीकडचं दार उघडलं. "इथे बस. बस तर खरी."

ती बसली. डोळे मिटले. "बाबा," म्हणाली, "ही सीट..." आणि पुढे बोललीच नाही. झोपली! ओतिया दाराशी स्टूल टाकून बसला. माश्या वारत. मी म्हटलं, "तीन तास बसून बघायचं, ही तुझीच रीत ना! आता पोरगी बघतेय!"

दहा दिवस पोरगी त्या गाडीतच राहिली म्हणा ना. तिथेच चहा, तिथेच गप्पा. द्राक्षं तोडायला आलेले लोक खिडकीशी येऊन भेटून जायचे. ओतिया कुणालाही सीटची स्तुती ऐकवायचा नाही. एव्हाना शहाणा झाला होता!

आणि अकरावा दिवस उजाडला. "विमान दोनला आहे," एतेरी म्हणाली. निघालो. ओतिया चालवायला, मी डावीकडे, पोरगी मागे. आणि घाटात कोण भेटावं? गवताचा ट्रक!

रस्ता मोकळा होता. नदीपर्यंत दिसत होतं, काळं कुत्रंसुद्धा नव्हतं. ओतियाने विचारलं, "काय गं?"

"थांब," मी म्हटलं. "येतंय समोरून."

"बरं," ओतिया म्हणाला.

बरं! बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! पुढच्या वळणावर मी सांगितलं की लाकडाचे ट्रक येतायत, सात. त्याच्यापुढे म्हटलं, वऱ्हाड येतंय, ढोलासकट. हा प्रत्येक वेळी मान डोलावून "बरं". मागे पोरगीही गप्प. गवत पुढे, आम्ही मागे. इतका सुंदर प्रवास मी जन्मात केला नाही!

विमानतळावर अडीच वाजले. मी कपाळ बडवून घेतलं, "अरेरे! चुकलं गं विमान!" ओतियाही म्हणाला, "अरेरे." पण तोंड कुठे लपवणार? दोघांचीही तोंडं सणासारखी झाली होती.

एतेरी शांतपणे बॅगेवर हात ठेवून म्हणाली, "विमान पाचला आहे, आई."

"तू तर दोन म्हणालीस!"

"हो. आणि रस्ता मोकळा होता. घाटभर."

ओतिया उतरला, आणि ती बापाच्या सीटवर जाऊन बसली. तिथेच लोबियानी खाल्ली. तिचा एक हात माझ्या हातात, दुसरा खिडकीतून बापाच्या हातात. जाताना म्हणाली, "पुढच्या वर्षी येते. कायमची." मग काचेच्या दाराआड गेली. ओतियाने या वेळी पाहिलं. शेवटपर्यंत पाहिलं.

परतताना ओतियाने घाटापर्यंत गाडी आणली. मग विचारलं, "झुझुना, यातलं तुला कळतं. ती खरं बोलली का गं? कायमचं येण्याचं?"

"खरं बोलली," मी म्हटलं.

त्याने लगेच विश्वास ठेवला. लगेच! मला भरूनच आलं. वाटलं, चला, उशिरा का होईना, या माणसाला माझी किंमत कळली. तेवढ्यात पुढे एक ट्रॅक्टर आला. समोरचा रस्ता लख्ख रिकामा, अगदी देवाशप्पथ.

"मोकळा आहे ओतिया," मी म्हटलं, "घे पुढे."

"हॅट्, खोटारडी!" तो म्हणाला, आणि ट्रॅक्टरच्या मागे मागे आम्ही घरी आलो.