पांढऱ्या पाखराचा पंचनामा

आमचे मन्मथअप्पा पक्ष्यांचे पंचनामे करतात. थट्टा नाही, शपथेवर सांगतो. त्यातल्या निम्म्या पंचनाम्यांवर पंच म्हणून माझीच सही आहे. “आज रोजी सकाळी सात वाजता तळ्याच्या काठी, बाभळीच्या फांदीवर, अंदाजे एक वीत लांबीचा, निळ्या पाठीचा पक्षी पाण्याकडे तोंड करून बसलेला आढळला. विचारपूस केली असता समाधानकारक उत्तर न देता उडून गेला.” तो बिचारा खंड्या. त्याला काय ठाऊक, आपण सरकारी भाषेत गेलोय म्हणून!

अप्पा उभा जन्म तलाठी होते. रिटायर झाले, दप्तर दुसऱ्याकडं गेलं, पण पंचनामा काही सुटला नाही. शेजारच्या बकरीनं तुळस खाल्ली, पंचनामा. भिंत खचली, पंचनामा. कुणी काही सांगायला गेलं की ठरलेलं उत्तर, “तोंडी चालत न्हाई.” त्यात पोरानं पुण्याहून पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक पाठवलं आणि झालं कल्याण. आमच्या केज गावात तेव्हा नुकतंच केबल आलं होतं. अख्खी गल्ली टीव्हीपुढं, आणि हे गृहस्थ गळ्यात दुर्बीण अडकवून काटेरी झुडपात.

माझा फोटो स्टुडिओ त्यांच्या घराला लागून. त्यामुळं पुराव्याचे फोटो काढायला मी. ऐन लग्नसराईत हा माणूस मला चिखलात उकिडवा बसवायचा, आणि मी शिव्या गिळत बसायचो. कावून? तर मी गावात नवा होतो, कुत्रंही ओळखत नव्हतं, तेव्हा चार महिने माझं ताट त्यांच्या घरून आलं. अप्पांची बायको, पार्वतीकाकू, गरम भाकरी फडक्यात बांधून द्यायच्या. एकदासुद्धा बोलून दाखवलं नाही. असल्या घराला नाही कसं म्हणणार?

एका आषाढात झड लागली. तीन दिवस सूर्याचं तोंड नाही. चौथ्या दिवशी सकाळीच अप्पा दारात.

“सुधाकर, ऊठ. धारूरच्या घाटात जायचंय.”

“अप्पा, असल्या उजेडात म्हशीचा फोटो येणार न्हाई!”

“चल म्हणतो ना बे!”

एसटीच्या खिडक्या गळत होत्या. अप्पा हळूच बोलायला लागले. तेहतीस वर्षांपूर्वी काकू वडवणीहून नवरी होऊन आल्या, तेव्हा वऱ्हाडाचा ट्रक याच घाटात बंद पडला होता. असाच पाऊस. ताडपत्रीच्या फटीतून काकूंना पाखरू दिसलं. दुधासारखं पांढरं, डोकं काळं, आणि शेपटीला दोन लांबलचक फिती. नव्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी ते हौसेनं सांगितलं. सगळे फिदीफिदी हसले. नवरीनं वाटंत भूत बघितलं म्हणाले.

“आन्‌ तुमी?”

“म्या इचारलं, साक्षीदार कोन?” अप्पा खिडकीकडं बघत म्हणाले. “त्यानंतर तिनं बघितलेलं काईच मला सांगितलं न्हाई बघ. मीठ सरलं, गॅस सरला, एवढंच.”

आणि पुस्तकात नेमकं तेच पाखरू निघालं होतं. स्वर्गीय नर्तक. अप्पा पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात धावले, तर काकू म्हणाल्या, “मी बघितलं ते पुस्तकात नव्हतं, घाटात होतं.”

घाटात उतरलो तर समोरचा डोंगर धुक्यात गायब. मी खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. दोन तासांत एक भिजका बुलबुल, बस्स. अप्पांचे गुडघे दुखत होते, एकदा घसरून चांगले आपटले. मी म्हणालो, “अप्पा, चला आता, मरायचंय का?” ऐकतील तर शप्पथ.

मग एकदम त्यांनी माझा दंड आवळला. ओढ्यावरच्या झाडीतून ते निघालं. पांढरंशुभ्र! मागं त्या फिती लहरत होत्या. मी तीनदा बटण दाबलं. अप्पांनी दुर्बीण डोळ्याला लावलीच नाही. छत्री खाली, पाणी टकलावरून ओघळतंय, आणि माणूस नुसता बघत उभा. मला वाटलं, पावसाचं पाणी असेल गालावर. पण नव्हतं.

तिथंच छत्रीखाली पंचनामा झाला. मी सही केली. पण पंच दोन लागतात. एक ट्रकवाला थांबला आणि म्हणाला, “म्या काई बघितलं न्हाई, पर सही कुठं करू?” अप्पांनी त्याला असा हाकलला की बिचारा पुढच्या टपरीवर चहा प्यायलाही थांबला नाही.

रंगीत रोल धुवायला लातूरला पाठवला. फोटो आले तर दोनांत नुसती पानं आणि तिसऱ्यात चुन्यासारखा पांढरा फराटा. लाजेनं माझी मान खाली. म्हटलं, या माणसांचं एवढं खाल्लं आणि एक काम नीट जमलं नाही. अप्पांनी फोटो बाजूला ठेवले. पंचनामा काढून काकूंपुढं धरला.

“एक पंच सुधाकर हाय. दुसरी सही तू कर. माझ्या आदी तूच बघितलंस.”

काकूंनी पदराला हात पुसले, अप्पांचाच चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. शेवटी लिहिलं होतं : “सबब, सौ. पार्वतीबाई यांनी तेहतीस वर्षांपूर्वी दिलेला जबाब खरा असून, तो न मानणारा इसम चुकीचा होता.”

ते त्यांनी दोनदा वाचलं.

“शेपटी एक हात लिवलीय. दीड हात होती.”

तहसीलदारानं सांगूनही कधी काना-मात्रा न बदललेल्या अप्पांनी मुकाट्यानं खोडून दीड केलं. काकूंनी सावकाश सही केली. मग बाहेर बघत म्हणाल्या, “आदी नुसतं डोकं दिसलं बघा, काळं. मला वाटलं, बुलबुल हाय…”

आणि त्या सांगतच राहिल्या. गॅसवरचा चहा उतू गेला, कुणी उठलं नाही. खरं तर मी निघून जायला हवं होतं. त्या दोघांनी मला तिथं बसू दिलं, याचे उपकार मी आजही विसरलो नाही.

अप्पा काकूंसमोर पाटावर बसले होते, आणि काकू जरा थांबल्या की विचारत होते, “मग?”